उपग्रहाकडून क्वांटम किल्ली घ्यायची तर भूस्थानकाची दुर्बीण कशी असावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याजवळची एक संस्था उपग्रहाकडून येणारी क्वांटम किल्ली (संदेश गुप्त ठेवण्यासाठी एकेका फोटॉनवरून पाठवलेली बिटांची मालिका) पकडण्यासाठी भूस्थानकाचा प्रस्ताव लिहिते आहे. तयार मिळणारी १ मीटरची खगोलीय दुर्बीण घेतली आणि तिच्या मागे एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर लावले, तर भागेल का? आणि पैसे मोजकेच असतील तर ते आरशाच्या व्यासावर घालावेत की जागेवर?

नुसतं तेवढ्यावर भागणार नाही. व्यास हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर छान दिसतो म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण किल्ली मिळते की नाही हे आरशाच्या मागे जे दोन-तीन फूट लांबीचं ऑप्टिक्स बसतं त्यावर ठरतं. कसं ते आकड्यांनी सांगतो.

हिशेबासाठी चीनचा क्वांटम किल्ली पाठवणारा उपग्रह मिशिअस घेऊ, कारण त्याची माहिती नीट प्रसिद्ध झालेली आहे. १६ ऑगस्ट २०१६ ला सोडलेला, सुमारे ५०० किमी उंचीवरून फिरणारा हा उपग्रह ३०० मिमी व्यासाच्या दुर्बिणीतून ८५० नॅनोमीटरचे अतिमंद स्पंद खाली पाठवत असे, सेकंदाला १० कोटी. झोताचा फाकण्याचा कोन साधारण १० मायक्रोरेडियन. म्हणजे १२०० किमीवर त्या झोताचा जमिनीवरचा ठिपका १२ मीटर रुंद होतो, आणि त्यात आपण १ मीटरची परात धरून बसलेलो असतो. पदरात पडतो १४४ वा हिस्सा, म्हणजे २२ डेसिबलची घट (दर १० डेसिबलला प्रकाश दहापट कमी होतो). वातावरणात आणखी ३ ते ८ डेसिबल जातात, आणि नेम थोडा चुकल्याने ३ च्या आत. हेच १२०० किमी अंतर फायबरने कापायचं तर किलोमीटरला ०.२ डेसिबल धरून २४० डेसिबल घट होते. तिथे विषयच संपला. बीजिंगजवळच्या शिंगलाँग स्थानकावर १ मीटरच्या दुर्बिणीने एका फेरीत २७३ सेकंदांत सुमारे ३ लाख बिटांची अंतिम किल्ली मिळाली. त्रुटीदर, म्हणजे चुकीच्या बिटांचं प्रमाण, १ टक्क्याच्या आसपास होता, आणि त्या प्रयोगातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा आकडा हाच.

आता व्यासाचं बघा. १ मीटरऐवजी ७५ सेंमीची दुर्बीण घेतली तर प्रकाश ५६ टक्के मिळतो, म्हणजे अडीच डेसिबलचं नुकसान. मोठं वाटतं. पण खगोलीय दुर्बिणींवर सर्रास ॲल्युमिनियमचा लेप असतो, आणि ॲल्युमिनियमची परावर्तकता नेमकी ८०० ते ८५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात खड्ड्यात जाते. ८६-८७ टक्क्यांच्या वर मिळत नाही. मुख्य आरसा, दुय्यम आरसा आणि प्रकाश बाजूला वळवायला तीन घडीचे आरसे असे पाच धरले, तर ०.८७ चा पाचवा घात म्हणजे निम्मा प्रकाश लेपातच गेला. तेच पाच आरसे संरक्षित चांदीचे असतील, प्रत्येकी साडेसत्त्याण्णव टक्क्यांचे, तर ८८ टक्के शिल्लक राहतो. गुणाकार करून पाहा: ॲल्युमिनियमची १ मीटरची दुर्बीण आणि चांदीची ७५ सेंमीची दुर्बीण डिटेक्टरवर सारखाच प्रकाश पोचवतात. किमतीतला आणि घुमटाच्या आकारातला फरक तुम्हाला माहीत आहे.

चांदीची अडचण एवढीच की ती काळवंडते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत संरक्षक थर कितीही चांगला असला तरी कडेकडेने डाग धरायला लागतो. जून ते सप्टेंबर नळीत कोरडी हवा खेळती ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून करा, ती नंतर बसवता येत नाही. आतले लहान घडीचे आरसे सोन्याच्या लेपाचे घेतलेले बरे: ८५० ला सोनं चांदीइतकंच चांगलं आणि हवेला दाद देत नाही. बीकनचा, म्हणजे नेम धरण्यासाठी उपग्रह खाली सोडतो त्या लेसरचा, हिरवा प्रकाश मात्र सोनं खातं, त्यामुळे बीकन वेगळा झाल्यावरच्या वाटेतच ते वापरायचं.

खरी गोम आहे ध्रुवणात. किल्लीची बिटं फोटॉनच्या ध्रुवणात, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेत, लिहिलेली असतात: आडवं-उभं ही एक जोडी, अधिक-उणे ४५ अंश ही दुसरी. खगोलशास्त्रज्ञाला बहुतेक वेळा ध्रुवणाशी देणंघेणं नसतं, म्हणून दुर्बीण बनवणाऱ्यालाही नसतं. पण तिरक्या कोनात ठेवलेला कोणताही आरसा आपल्या दोन अक्षांवरच्या प्रकाशात कलाभेद घालतो, म्हणजे एका अक्षावरची लाट दुसरीच्या किंचित मागे पाडतो. धातूच्या आरशात तो कमी असतो. बीकन आणि क्वांटम प्रकाश वेगळे करणाऱ्या, अनेक थरांच्या डायक्रोइक आरशात तो वाटेल तेवढा असू शकतो.

हा दोष फसवा का आहे ते सांगतो. समजा डायक्रोइकने ४० अंशांचा कलाभेद घातला. आडव्या-उभ्या ध्रुवणाची दिशा आरशाच्या अक्षांशी जुळलेली असेल तर त्या जोडीत काहीच बिघडत नाही, मोजमाप स्वच्छ येतं. ४५ अंशांच्या जोडीत मात्र चूक येते २० अंशांच्या साइनचा वर्ग, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. अशा दोन जोड्यांत किल्ली पाठवण्याची जी बीबी८४ पद्धत, तिची त्रुटीची सैद्धांतिक मर्यादाच ११ टक्के आहे. प्रयोगशाळेत बसलेला विद्यार्थी एकच जोडी तपासतो, वहीत ‘०.५ टक्के’ लिहितो, आणि आकाशाखाली गेल्यावर किल्ली शून्य येते. म्हणून नियम असा: कोणतीही चाचणी दोन्ही जोड्यांत घेतल्याशिवाय झाली म्हणायची नाही. एका लेप पुरवठादाराने एकदा आम्हाला भरघोस आलेख पाठवले होते, सगळे अध्रुवित प्रकाशाच्या परावर्तकतेचे. कलाभेदाचा आलेख मागितला तर ‘असं कोणी मागत नाही’ असं उत्तर आलं. तुम्ही मागा, आणि खरेदीच्या आदेशातच लिहा: ८५० नॅनोमीटरला, ज्या कोनात बसवणार त्याच कोनात, दोन अक्षांतला कलाभेद अमुक अंशांच्या आत.

उपाय आहेत. सर्वात स्वस्त आणि माझ्या आवडीचा म्हणजे एकाच लेपाच्या घाण्यातले दोन आरसे घेऊन दुसरा पहिल्याच्या काटकोनात फिरवून बसवणं. पहिल्याचा एक अक्ष दुसऱ्याचा दुसरा अक्ष होतो आणि कलाभेद फिटतो. उरलेलं पाव-अर्धं-पाव अशा तीन तरंगपट्ट्यांच्या संचाने काढायचं. त्याशिवाय उपग्रह डोक्यावरून जाताना त्याची आणि आपली आडवी-उभी चौकट एकमेकांच्या संदर्भात फिरत राहते. ती भरपाई मोटरवर बसवलेली अर्धतरंग पट्टी करते, कक्षेच्या हिशेबाने आधीच काढलेल्या कोनांवरून. इथे ध्रुवणाची दिशा ५ अंश चुकली तर पाऊण टक्का त्रुटी, १० अंश चुकली तर ३ टक्के. दुर्बिणीचा प्रकाश खालच्या खोलीत आणणारी कूदे वाट घेतली की हे फिरणं आणखी वाढतं आणि तिरके आरसेही वाढतात. यंत्र गार खोलीत, माणसं आरामात, असा मोह होतो खरा, पण किल्लीसाठीचं टेबल शक्यतो दुर्बिणीच्या पाठीवरच टांगा.

संपूर्ण वाट तपासायला सोपा मार्ग म्हणजे तारा. बहुतेक ताऱ्यांचा प्रकाश अध्रुवित असतो. नळीच्या तोंडाशी ध्रुवक लावला की वरून ठरावीक ध्रुवण येतं आणि शेवटच्या डिटेक्टरपर्यंत काय पोचतं ते कळतं. १ मीटरचा ध्रुवक कुठे मिळायचा? लहान घ्या आणि तोंडावर जागा बदलत ठेवा, तेवढ्याने आरशाच्या वेगवेगळ्या भागांतला फरकही दिसतो. फक्त साधी दृश्य प्रकाशाची पोलरॉइड फिल्म नको. ती डोळ्याला काळी दिसली तरी ८५० ला जवळजवळ पारदर्शक असते, आणि मग ‘दुर्बीण ध्रुवण पुसून टाकते’ असा निष्कर्ष निघतो. जवळच्या अवरक्तासाठीचा ध्रुवक वेगळा मागवावा लागतो.

डिटेक्टरकडे येऊ. एकेक फोटॉन मोजणाऱ्या सिलिकॉनच्या ॲव्हलांच डायोडचा संवेदनशील भाग १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. प्रकाशशास्त्राचा एक न टळणारा नियम आहे: दुर्बिणीचं छिद्र, म्हणजे मुख्य आरशाचा व्यास, मोठं केलं की तेवढ्याच डिटेक्टरला दिसणारं आकाश लहान होतं. १ मीटरच्या दुर्बिणीचा प्रकाश डिटेक्टरवर एफ/२.५ ने (नाभीय अंतर व्यासाच्या अडीचपट) केंद्रित केला तर परिणामी नाभीय अंतर अडीच मीटर, आणि १०० मायक्रॉनमध्ये ४० मायक्रोरेडियन आकाश मावतं. पुण्याजवळच्या टेकडीवर ताऱ्याचा ठिपका २ आर्कसेकंद, म्हणजे सुमारे १० मायक्रोरेडियन धरा. उपग्रह ३० अंश उंचीवर असताना हवेची वाट दुप्पट होते आणि ठिपका दीडपट. त्यावर पाठलागातला कंप. ४० मध्ये हे सगळं बसतं. स्वस्तात मिळाले म्हणून ५० मायक्रॉनचे डिटेक्टर घेतले तर २० उरतात, आणि मग प्रत्येक झुळकीला मोजणी खाली येते. छिद्र मोठं करण्याची ही छुपी किंमत आहे; ६० सेंमीच्या दुर्बिणीला तोच डिटेक्टर आरामात पुरतो.

दृष्टिक्षेत्र उगाच मोठं ठेवण्यातही तोटा आहे, कारण आकाशाची पार्श्वभूमी कोनाच्या वर्गाने वाढते. २०० मायक्रोरेडियनवरून ४० वर आलात तर आकाशाचे फोटॉन २५ पट घटतात. १० नॅनोमीटरचा फिल्टर १ वर आणला तर आणखी १० पट. डॉप्लरची, म्हणजे वेगामुळे तरंगलांबी सरकण्याची, काळजी इथे नको, साडेसात किमी प्रतिसेकंद वेगाने तरंगलांबी ०.०२ नॅनोमीटर सरकते. काळाची खिडकी १ नॅनोसेकंदाची ठेवली तर १० नॅनोसेकंदांच्या अंतराने येणाऱ्या स्पंदांत पुन्हा १० पट फायदा. त्यासाठी घड्याळं जुळलेली हवीत: उपग्रहाचं अंतर सेकंदाला काही किलोमीटरने बदलतं, म्हणजे प्रकाशाचा प्रवासकाळ सेकंदाला कित्येक मायक्रोसेकंद सरकतो. मिशिअसने खाली येणाऱ्या ५३२ नॅनोमीटरच्या बीकनच्या स्पंदांवरूनच ही वेळ जुळवली.

बाहेरच्या उजेडापेक्षा घरातल्या उजेडाने जास्त छळ होतो, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नीट सापडत नाही. रस्त्यावरचे पांढरे एलईडी ८५० ला फारसे त्रास देत नाहीत. जुने सोडियमचे दिवे ८१९ च्या जवळ रेषा टाकतात, फिल्टर त्या अडवतो. पण रात्री बघणाऱ्या सुरक्षा कॅमेऱ्यांचे अवरक्त एलईडी बरोबर ८५० चे असतात! घुमटाच्या दारावर चोरांसाठी लावलेला कॅमेरा घुमटाच्या आतल्या भिंती तुमच्या नेमक्या तरंगलांबीने उजळून टाकतो, आणि डोळ्याला काही दिसत नाही. ९४० चे कॅमेरे मिळतात, ते लावा. दुर्बिणीच्या माउंटमधल्या (तिला फिरवणाऱ्या बैठकीतल्या), कोन मोजणाऱ्या ऑप्टिकल एन्कोडरचे एलईडीही याच पट्ट्यातले; त्यांच्या झाकणांच्या फटी काळ्या फॉइलने बुजवाव्या लागतात. आणि उपग्रहाला तुमची जागा दाखवणारा तुमचा स्वतःचा बीकन. वर जाणारा तांबडा झोत हवेतून विखरून परत खाली येतो, सिलिकॉनला तो उत्तम दिसतो. म्हणून बीकन मुख्य दुर्बिणीतून पाठवू नका, नळीच्या कडेला वेगळी लहान लेन्स बसवून पाठवा, आणि फिल्टरने ५३२ व ६७१ दोन्ही किमान १० लाख पट अडवायला हवेत. विमानतळ आणि हवाई वाहतुकीची परवानगी हा वेगळा विषय, पण त्याची कागदपत्रं आरशाच्या आधी सुरू करा.

पाठलागाबद्दल थोडक्यात. ५०० किमी उंचीचा उपग्रह डोक्यावर असताना सेकंदाला ०.९ अंशाच्या जवळपास सरकतो. ताऱ्यांमागे रांगणारी माउंट इथे कामाची नाही. उपग्रहाचा वेग सहन करणारी हवी, आणि उंची-दिगंश प्रकारची असेल तर खस्वस्तिकाजवळून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूजवळून, जाणारी फेरी अर्धवट सोडायची तयारी हवी. प्रसिद्ध कक्षामूल्यांत उपग्रहाची जागा एखादा किलोमीटर चुकू शकते, १००० किमीवर तो १ मिलिरेडियन होतो. भूस्थानकाचा बीकन म्हणूनच जवळजवळ तेवढा फाकवलेला असतो. आधी रुंद कॅमेरा उपग्रहाचा ठिपका पकडतो, मग सूक्ष्म कॅमेरा आणि वेगाने हलणारा लहान आरसा कंप मारतात. एक गोष्ट विसरली जाते: १ मीटरचा झोत टेबलावर २० मिमीचा केला की कोन ५० पट वाढतात. आकाशातला २० मायक्रोरेडियनचा कंप टेबलावर १ मिलिरेडियन होतो. हलत्या आरशाची पोच यावरून ठरवा, कॅटलॉग बघून नव्हे. आरशाची विकृती जुळवून घेणारं अनुकूली ऑप्टिक्स मात्र या प्रकारच्या स्थानकाला लागत नाही. वातावरणाच्या बिघाडातला सुमारे ८७ टक्के भाग निव्वळ तिरकेपणाचा असतो, तो हलता आरसा काढतो. बाकीचा १०० मायक्रॉनच्या डिटेक्टरला जाणवतही नाही. प्रकाश एकमोडी (काही मायक्रॉन गाभ्याच्या) फायबरमध्ये घालून १५५० नॅनोमीटरवर अतिवाहक डिटेक्टर वापरायचे असतील, किंवा फोटॉन खालून वर पाठवायचे असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे ते टळत नाही आणि खर्चाचा आकडाही बदलतो.

सुरक्षेचा एक मुद्दा ऑप्टिक्सवाल्यांच्या हातात आहे आणि तो बहुतेकदा सुटतो. चारही डिटेक्टर सगळ्या कोनांतून येणाऱ्या प्रकाशाला सारखे जागे नसतात. हेरगिरी करणारा किंचित वाकड्या कोनातून प्रकाश सोडून ठरावीक डिटेक्टरलाच जास्त वाजवू शकतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये हे करून दाखवलं. उपाय म्हणजे ध्रुवण वेगळं करण्याच्या आधी, सर्वांच्या सामाईक नाभीवर एक बारीक छिद्र. तेच छिद्र दृष्टिक्षेत्रही ठरवतं. बहुमोडी (जाड गाभ्याच्या) फायबरने डिटेक्टर लांब नेणार असाल तर तो ध्रुवण वेगळं झाल्यानंतरच जोडा, कारण तो ध्रुवण विस्कटून टाकतो. आणि ध्रुवण वेगळं करणाऱ्या घनाच्या परावर्तित बाजूवर विश्वास ठेवू नका, तिथे एक जादा ध्रुवक लावाच.

राहिला जागेचा प्रश्न. भारतात राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटींची मंजुरी मिळाली, आणि देशात २००० किमी अंतरावरच्या भूस्थानकांत उपग्रहामार्फत सुरक्षित संवाद हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. अहमदाबादेत इस्रोच्या केंद्राने २०२१ मध्ये ३०० मीटरवर हवेतून किल्ली पाठवून दाखवली. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने लडाखमधलं हानले, माउंट अबू आणि नैनिताल या तीन जागांचा अभ्यास केला, त्यात हानले सरस ठरलं. साडेचार हजार मीटर उंची, कोरडी हवा, आश्चर्य नाही. पण किल्ली वापरणारा ग्राहक हानलेत राहत नाही. तिथून शहरापर्यंत पुन्हा फायबर आणि मधली विश्वासू ठाणी (जिथे किल्ली उघडून पुढे दिली जाते, म्हणून ज्यांच्यावर विश्वास ठेवावाच लागतो) लागतात, म्हणून केवळ आकाश बघून जागा ठरत नाही.

याबाबतीत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला चीनच्या जिनान-१ या लहान उपग्रहाचा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवा. उपग्रहावरचं उपकरण २३ किलोचं, जमिनीवरचं स्थानक उचलून नेता येईल असं सुमारे १०० किलोचं आणि २८ सेंमीच्या दुर्बिणीचं. बीजिंग आणि दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉश यांच्यात, १२,९०० किमीवर, उपग्रहाला मधला विश्वासू धरून किल्ली पोचली. एवढ्या लहान छिद्राने काम होतं, कारण बाकीची वाट चोख आहे.

तुमच्या जागी मी असतो तर ४० ते ६० सेंमीची दुर्बीण घेतली असती: उपग्रहाच्या वेगाने पळणारी चांगली माउंट, चांदीचा लेप, टेबल पाठीवर. उरलेल्या पैशांत तसंच दुसरं स्थानक. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, आणि बाकीच्या महिन्यांतही रात्रीच्या चांगल्या फेऱ्या पाच-पाच मिनिटांच्याच असतात. एक ढग आला की त्या रात्रीची किल्ली गेली. दुसरं स्थानक पश्चिम राजस्थानच्या बाजूला ठेवलं तर पावसाळ्यातही काही रात्री हाती लागतील. सगळा खर्च पुण्याजवळच्या एका मोठ्या घुमटात ओतला तर वर्षातले चार महिने ताडपत्रीखालीच जातील. प्रस्तावात दोन्ही जागांचे ढगांचे उपग्रह-नोंदींवरून काढलेले आलेख जोडा. समिती व्यासाबद्दल विचारेलच, तेव्हा ॲल्युमिनियम आणि चांदीचा वरचा गुणाकार पुढे करा.